बर्फातली बाग

आपल्याकडे भाताची लावणी होते. रोप एका जागेवरून उपटायचे आणि दुसऱ्या जागी चिखलात लावायचे. पहिले चार दिवस ते रोप पिवळे पडते, मान टाकते. मुळे धरली म्हणजे पुन्हा हिरवेगार होते. वांग्याचे, मिरचीचे, कांद्याचे रोपही तसेच. उपटलेले रोप लगेच हसत नाही. हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

पण हे रोप एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाते. माती तीच, ऊन तेच, पाऊस तोच. तेच रोप हजारो मैल लांब, बर्फाच्या मुलखात नेले तर? तिथे ते जगेल का? जगावे म्हणून काय करावे लागेल? हेच काम करणारी एक बाग आहे. आज आपण ती पाहायला जाऊ.

आधीच खरे सांगून टाकतो. आम्ही स्वतः पायांनी तिथे गेलेलो नाही. आम्ही खेड्यातल्या शाळेचे मास्तर. पेन्शनीत एवढा लांबचा प्रवास कुठून व्हायचा? पण पुस्तके वाचली, चित्रे पाहिली, नकाशा पुढे घेऊन बसलो. ज्याला वाचता येते त्याला अशा प्रवासाला तिकीट लागत नाही. तुम्हांलाही आता वाचता येते. तेव्हा चला आमच्याबरोबर.

बाग कुठे आहे?

पृथ्वीचा नकाशा घ्या. पुण्यावर बोट ठेवा. बोट वर, म्हणजे उत्तरेकडे सरकवा. हिमालय गेला, वाळवंटे गेली. पुढे लागतो रशिया देश. तो फार मोठा आहे. त्याची राजधानी मॉस्को. मॉस्कोहून आगगाडीत बसायचे. गाडी दीड दिवस उत्तरेकडे धावते. खिडकीतून दिसतात जंगले, दलदली आणि तळी. मग अपातिती नावाचे स्टेशन येते. तिथून मोटारीने किरोव्स्क या गावी जायचे. गावाबाहेर डोंगरांच्या कुशीत एक मोठे सरोवर आहे. त्या सरोवराजवळ, डोंगराच्या उतारावर आपली बाग आहे.

या डोंगरांना खिबिनी म्हणतात. त्यांतले सर्वांत उंच शिखर सुमारे १२०० मीटर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे उंचीने हे डोंगर कळसूबाईहून ठेंगणेच. पण थंडी कळसूबाईला ठाऊक नाही अशी. वर्षातले सात-आठ महिने जमीन बर्फाखाली असते. उन्हाळा येतो तो दोन-अडीच महिन्यांचा पाहुणा. त्या उन्हाळ्यातही एखाद्या रात्री पारा उतरतो आणि कोवळी पाने करपतात.

उजेडाचीही तऱ्हा निराळी. जून महिन्यात तिथे सूर्य मावळतच नाही. रात्री बारा वाजताही तो आभाळाच्या कडेने फिरत असतो. डिसेंबरात याच्या उलट. काही आठवडे सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ पहाटेसारखे उजाडते आणि पुन्हा अंधार पडतो. पृथ्वी कललेली आहे, म्हणून असे होते. उन्हाळ्यात तिचे उत्तरेचे टोक सूर्याकडे झुकलेले असते, हिवाळ्यात पाठ फिरवून असते.

या मुलखाचे मूळ रहिवासी सामी लोक. ते मासे धरीत, शिकार करीत आणि रेनडियर पाळीत. रेनडियर हे हरणाच्या जातीचे जनावर. त्यांनी या थंडीशी जुळवून घेतले होते. शेती मात्र इथे कोणी करीत नव्हते.

बाग का काढली?

१९२० नंतर या डोंगरांत फर्समन नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ हिंडू लागले. त्यांच्या पथकांना इथे एक दगड सापडला. त्याचे नाव अपाटाइट. या दगडात स्फुरद असते. तेच स्फुरद, जे आपण सुपर फॉस्फेटच्या पोत्यातून शेताला घालतो. दगड शेतीच्या मोलाचा निघाला. मग १९२९ साली इथे वस्ती उभी राहू लागली. खाणी निघाल्या. माणसे आली. ती कशी आली, ते पुढे सांगू.

माणसे आली म्हणजे त्यांना खायला हवे. ताजी भाजी हवी. नुसत्या दगडांत आणि बर्फात जीव रमत नाही, दाराशी चार फुले, चार झाडे हवीत. शेतीचे काम थोडे आधीच सुरू झाले होते. योहान आइखफेल्ड नावाच्या शास्त्रज्ञांनी १९२३ पासून इथे बटाटे आणि भाजीपाला पिकवून पाहायला सुरुवात केली होती. लोक त्यांना वेड्यात काढीत असतील. पण बटाटा पिकला.

१९३१ साली निकोलाय अव्रोरिन नावाचा तरुण पुढे आला. वय अवघे पंचवीस. तो म्हणाला, इथे वनस्पतींची बाग काढू. जगातल्या थंड मुलखांतली झाडे आणून लावू. कोणती जगतात, कोणती मरतात, ते पाहू. फर्समन यांनी त्याला पाठबळ दिले. अशी ही बाग सुरू झाली. ती आजही चालू आहे. तिचा पसारा हजार हेक्टरांहून मोठा आहे. पण त्यातला बहुतेक भाग रानच आहे. ते मुद्दाम रान म्हणून राखलेले आहे.

डोंगर चढू या

आता बागेत शिरू. उन्हाळा आहे असे धरा. बरोबर वाटाड्या आहे. त्याच्यामागून पायवाटेने वर चढायचे.

पायथ्याला रान आहे. स्प्रूस नावाची उंच, टोकदार झाडे आहेत. ती देवदाराची भावकी. पाने सुईसारखी बारीक. फांद्या खाली झुकलेल्या, म्हणून बर्फ घसरून पडते, फांदी मोडत नाही. त्यांच्या सोबतीला पांढऱ्या सालीचे भूर्ज आहेत. आपल्या पूर्वजांनी ज्या भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या, ती हिमालयातल्या भूर्जाची साल. हा त्याचाच चुलतभाऊ.

थोडे वर गेलो की स्प्रूस मागे राहतो. भूर्ज उरतो, पण तो वाकडातिकडा, खुजा. वारा आणि बर्फ त्याला सरळ उभे राहू देत नाहीत. आणखी वर गेले की तोही संपतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर झाडांची हद्द संपली. आपले पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे आंबे आहेत, वड आहेत. इथे त्याहून कमी उंचीवर झाड उभेच राहत नाही.

त्याच्या वर जमिनीला चिकटलेली झुडपे. घोट्याएवढी उंची. त्यांना काळी-निळी आंबटगोड फळे लागतात. ही झुडपे एवढी खुजी का? कारण वारा वर असतो आणि ऊब जमिनीजवळ असते. जो वाकून राहिला तो जगला. त्याच्याही वर गेले की नुसते दगड, आणि दगडांवर दगडफूल.

आपण गोड्या मसाल्यात जे दगडफूल घालतो, त्याच्याच जातकुळीतले हे. त्याला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. ते दगडावर, झाडाच्या सालीवर, उघड्या जमिनीवर कुठेही वाढते. रेनडियरचे हिवाळ्यातले खाणे हेच. बर्फ उकरून ते दगडफूल खातात. दुसऱ्या महायुद्धात साखर मिळेनाशी झाली, तेव्हा किरोव्स्कमध्ये अशाच दगडफुलापासून गोड काकवी काढली. कोणत्या गवतात काय आहे ते ज्याला ठाऊक, तो अडीअडचणीला उपाशी मरत नाही.

पाहुणी झाडे

आता खाली उतरू. पायथ्याशी वाफे आहेत. इथे पाहुणी झाडे आहेत. कोणी सैबेरियातून आले, कोणी युरोपातल्या डोंगरांतून. जांभळ्या तुऱ्यांचे हे लिलाकचे झुडूप मूळचे हंगेरीकडचे. ते इथे रुजले. आता किरोव्स्कच्या रस्त्यांवर ते शोभेसाठी लावतात.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, थंड प्रदेशातले झाड थंड प्रदेशात लावले, त्यात काय मोठे?" तर ऐका. नुसत्या थंडीचा प्रश्न नाही.

आपली जुन्या वाणाची ज्वारी घ्या. दिवस लहान होत चालला हे तिला कळते. मग ती पोटरीला येते, कणीस टाकते. तिला या बागेत पेरली तर? ऐन उन्हाळ्यात दिवस मावळत नाही. ती पाने काढीत राहील, कणसाचे तिला सुचणार नाही. तेवढ्यात बर्फ पडेल आणि खेळ आटोपेल. बटाट्याचेही असेच. काही वाणांना गड्डे धरायला लहान दिवस लागतात. म्हणून तिथे असे वाण निवडावे लागले, जे लांब दिवसातही लवकर गड्डे धरतात.

दुसरी गोष्ट. दक्षिणेकडच्या झाडाला थंडी केव्हा येणार ते कळत नाही. ते उशिरापर्यंत कोवळी पालवी काढीत राहते. इथे हिवाळा लवकर येतो. कोवळी फांदी कठीण होण्याच्या आधीच गोठते. जे झाड वेळेवर वाढ थांबवते, तेच वाचते.

तिसरी गोष्ट बर्फाची. आपल्याला वाटते, बर्फ म्हणजे झाडाचा वैरी. पण बर्फ ही गोधडी आहे. बर्फाखाली माती वरच्या हवेपेक्षा ऊबदार राहते. जिथे वारा बर्फ उडवून नेतो, तिथे झाडाची मुळे गोठून ते मरते. मात्र जिथे बर्फ फार साचते, तिथे ते उशिरा वितळते आणि झाडाचा अर्धा उन्हाळा वाया जातो. म्हणून जागा निवडताना हातभराचा फरकही पाहावा लागतो. या दगडाच्या आडोशाला झाड जगते, पलीकडे मरते.

बागेचे खरे धन

हे सारे कसे कळले? एका माणसाच्या हुशारीने नाही. ते कळले नोंदवहीमुळे.

प्रत्येक पाहुण्या झाडाची नोंद ठेवतात. बी कोठून आले, कधी पेरले, पहिले पान कोणत्या तारखेला फुटले, फूल केव्हा आले, बी पिकले की कच्चेच राहिले, पाने केव्हा गळली. झाड मेले तर तेही लिहायचे. कोणत्या हिवाळ्यात मेले, कशाने मेले. असे वर्षानुवर्षे चालले आहे. जगातल्या इतर बागांशी बियांची देवघेव होते. ती याद्या पाठवून आणि पत्रे लिहून होते. हजारो झाडे लावली, त्यांतली पुष्कळ मेली. पण त्यांचे मरण फुकट गेले नाही. ते लिहून ठेवले, म्हणून पुढच्या माणसाने तीच चूक पुन्हा केली नाही. अव्रोरिन यांनी १९५६ साली या सगळ्या अनुभवाचे पुस्तक काढले. ध्रुवाकडच्या प्रदेशात वनस्पतींना कसे वसवावे, हा त्याचा विषय.

इथे आम्हांला आमची एक चूक आठवते. आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हा दर पावसाळ्यात शाळेच्या आवारात झाडे लावीत असू. मुले खड्डे काढायची, गावचे मानकरी यायचे, नारळ फुटायचा. पश्चिमेच्या भिंतीकडची झाडे दर साली मरायची. आम्ही म्हणायचो, मुलांनी पाणी घातले नाही. मुलांना रागावायचो. पुढच्या साली त्याच जागी पुन्हा झाडे. असे सहा पावसाळे गेले. शेवटी गावातला एक म्हातारा गवंडी आवारात आला आणि म्हणाला, "गुरुजी, शाळा बांधताना इथं चुन्याची घाणी होती. हातभर खाली नुसता चुना आणि रोडा हाय. मुळं जाणार कुठं?" आम्ही उकरून पाहिले. त्याचे खरे होते.

सहा वर्षे आम्ही एका ओळीची नोंद ठेवली नाही. ठेवली असती तर दुसऱ्याच वर्षी दिसले असते की, मरतात ती झाडे एकाच जागची आहेत. मुलांना फुकट बोल लावला, याची लाज आजही वाटते. आम्ही दुसऱ्यांना लिहायला शिकवीत होतो आणि स्वतः लिहीत नव्हतो.

माणसांची लावणी

आता राहिलेली गोष्ट सांगतो. ती कडू आहे. पण बाग पाहायला आलो आणि ती न ऐकताच गेलो तर अर्धेच पाहिल्यासारखे होईल.

खाणीत काम करायला माणसे आली, असे वर म्हटले. सारी काही खुशीने आली नाहीत. १९३० च्या सुमारास त्या देशात सरकारने लाखो शेतकऱ्यांवर "मालदार" असा शिक्का मारला. त्यांची जमीन, गुरे, घरे काढून घेतली. बायकामुलांसकट गाडीत घातले आणि अशा ओसाड मुलखांत नेऊन सोडले. किरोव्स्क गाव उभारणाऱ्यांत अशी माणसे फार मोठ्या संख्येने होती. काल ज्यांच्या दाराशी गाय होती, ती माणसे पहिल्या हिवाळ्यात तंबूत आणि फळ्यांच्या झोपड्यांत राहिली. थंडीने आणि आजाराने पुष्कळ मेली. त्यांत लहान लेकरे फार होती.

त्याच डोंगरात, त्याच काळात, झाडांना विचारले जात होते, "बाबा, तुला इथे काय सोसेल? कोणती जागा लागेल? आडोसा हवा का?" माणसांना हे कोणी विचारले नाही. यात बागेतल्या लोकांचा दोष नाही. पण आपण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. रोप उपटताना हलक्या हाताने उपटतात, मुळाला माती राहू देतात. माणसाला उपटताना एवढे तरी करावे की नाही? आपल्याकडे धरणाखाली ज्यांचे गाव गेले, त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको.

पाहुणा की घरघुशा?

आणखी एक सावधगिरी. नवे झाड रुजले म्हणजे ते चांगलेच, असे नाही.

रशियाच्या दक्षिणेला कॉकेशस पर्वत आहे. तिथली सोस्नोव्स्की हॉगवीड नावाची वनस्पती दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेकडे नेली. ती माणसाहून उंच वाढते, पाला भरपूर. गुरांना मुरघास होईल, असे वाटले. पण तिचा चीक अंगाला लागला आणि त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येतात. शेते ओस पडली तशी ती मोकाट सुटली. आज ती रस्त्याकडेला, पडीक रानात माजली आहे. काढता निघत नाही.

आपल्याला हे नवे नाही. आपले गाजरगवत पाहा. ते परदेशी धान्याबरोबर आले असे म्हणतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते लोकांच्या नजरेत भरले. आज बांध, गावठाण, रस्ता, काही त्याने सोडले नाही. अंगाला खाज, गुरांना अपाय. उलट मिरची, बटाटा, भुईमूग, पेरू, सीताफळ हेही पाहुणेच. अमेरिका खंडातून आले आणि आपल्या घरचे झाले. म्हणून पाहुण्याला दारातूनच हाकलू नये आणि पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्लीही देऊ नये. थोड्या जागेत लावून पाहावे. दोन-चार वर्षे पाहावे. लिहून ठेवावे. मग शेतात न्यावे.

परतताना

निघता निघता काचघरात डोकावू. बाहेर बर्फ असले तरी आत ऊब असते. उष्ण देशांतली झाडे आत आहेत. ताडाच्या जातीची झाडे आहेत, निवडुंग आहेत. जिथे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य दिसत नाही, तिथल्या मुलांना हिरवे पान पाहायला इथे आणतात. आपल्या बांधावरचा निवडुंग तिथे काचेच्या घरात जपून ठेवला आहे. जे आपल्याकडे उदंड आहे, त्याचे मोल दुसऱ्याकडे गेल्यावर कळते.

मंडळी, बाग पाहून झाली. आता तुम्ही काय करायचे?

दोनशे पानांची एक वही आणा. तिच्यावर आपले नाव आपल्या हाताने घाला. पहिला पाऊस केव्हा पडला, कोणते वाण कोणत्या शेतात पेरले, बी कोठून आणले, कीड केव्हा आली, धान्य किती पोती झाले, ते लिहा. एका दिवशी एक ओळ पुरे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. पीक बुडाले तर तेही लिहा, लाजू नका. दहा वर्षांनी ती वही तुमच्या मुलाच्या हाती पडेल. तुम्ही सोसलेले त्याला पुन्हा सोसावे लागणार नाही.

उपटणे एका दिवसाचे काम आहे. रुजवणे वर्षांचे आहे. ज्याला रुजवायचे आहे, त्याने पाहावे, विचारावे आणि लिहून ठेवावे.

प्रश्न

१. या बागेत डोंगर चढताना आधी कोणती झाडे लागतात? शेवटी काय उरते?
२. बर्फाला गोधडी का म्हटले आहे?
३. जुन्या वाणाची ज्वारी तिथे कणीस का टाकणार नाही?
४. शाळेतली झाडे का मरत होती? ते लवकर का कळले नाही?
५. तुमच्या गावात बाहेरून आलेली पिके आणि झाडे कोणती? वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत यादी करा.
६. तुमच्या वहीत आजची एक ओळ लिहा.